सलग अर्धा तास

पुन्हा तो नारिंगी दिवा लागला. गाडी सिग्नलला उभी होती. समोर एक माणूस रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच वाकून बुटाची नाडी बांधत होता, जणू काही रस्ता त्याच्या वडिलांचाच, आणि ती त्याच्याकडे वैतागून बघत असतानाच स्टिअरिंगच्या पलीकडे, दोन काट्यांच्या मधोमध, ते चित्र उमटलं. एक डबी, तिच्यात ठिपके, डबीत शिरणारा एक बाण. शाळेत मुलांना धूर काढायला सांगितला तर ती असंच काहीतरी काढतील. गेल्या महिन्यात लागला होता, तेव्हा मेकॅनिकने कसलं तरी यंत्र लावून विझवला होता. त्याच्या आधीही लागला होता आणि आपोआप विझला होता, आणि तिला उगाचच वाटलं होतं की आपण दुर्लक्ष केलं की गोष्टी आपोआप मिटतात. "काय झालं?" मागून नवऱ्याने विचारलं. त्याला दिवा दिसणं शक्य नव्हतं. त्याची चाकांची खुर्ची गाडीच्या मागच्या भागात चार पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली असायची, आणि तिथून त्याला तिची मान, आरशाची कड आणि पुढच्या काचेचा एक तुकडा एवढंच दिसायचं. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला मानही वाचता येते. "काही नाही," ती म्हणाली. "दिवा लागला ना?" "लागला." "मी सांगतच होतो." तो काय सांगत होता, कधी सांगत होता, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. तो नेहमीच काहीतरी सांगत असायचा. बूटवाला रस्त्यापलीकडे गेला, सिग्नल सुटला, मागच्या गाडीने हॉर्न मारला आणि ती निघाली.

ही गाडी त्यानेच निवडली होती. पाय गेले त्या वर्षी. पाय गेले म्हणजे कुठे अपघात झाला नाही, कोणी ठोकर दिली नाही, कुणाचा निष्काळजीपणा नाही. पाठीच्या कण्यात सूज आली, एक आठवडा मुंग्या, दुसऱ्या आठवड्यात जडपणा, आणि मग कमरेखाली काही नाहीच. ज्याच्यावर धड रागावताही येत नाही असं आजारपण. आयुष्यभर पुलांच्या कामावर देखरेख केलेला माणूस, आज या नदीवर तर उद्या त्या खाडीवर, जीपमधून दिवसच्या दिवस भटकणारा. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून त्याने पहिली गोष्ट ठरवली ती गाडी. मागे लिफ्ट असलेली मोठी व्हॅन. आणि डिझेलच. "डिझेलला ओढ असते. लांब जायचं तर डिझेल." लांब कुठे जायचं हे त्याने नकाशावर बोटाने दाखवलंही होतं, समुद्राच्या कडेकडेने वर, मग डोंगरातून आत. ती तेव्हा हो हो म्हणाली होती, कारण तेव्हा ती सगळ्यालाच हो म्हणत होती. गाडी आली, आणि गेली कुठे? घरापासून व्यायामाच्या केंद्रात. केंद्रातून घरी. घरून डॉक्टरकडे, आणि तिच्या चष्म्याच्या दुकानाजवळून परत. सगळं मिळून हाकेच्या अंतरावर. हत्ती विकत घ्यायचा आणि त्याला अंगणात बांधून ठेवायचा, तसं.

मेकॅनिक हात पुसत पुसत बोलायचा, आणि त्याचा कपडा त्याच्या हातांपेक्षा काळा होता. "बाई, पूर्वीची गाडी धूर बाहेर फेकायची, विषय संपला. आता बाहेर फेकायची परवानगी नाही. मग ती काजळी आतच एका जाळीत साठते. गाडी लांब पळाली, नीट तापली, की ती काजळी आपली आपण जाळून टाकते. तुमची गाडी तापतच नाही. वर तुम्ही ते लिफ्टचं बटण लावून उभी ठेवता." लिफ्टचं बटण म्हणजे आयडल-अप. लिफ्ट चालवायची तर बॅटरीवर ताण येतो, म्हणून उभ्या गाडीच्या इंजिनाची गती वाढवून ठेवायची. बटण दाबलं की गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागायची, दारांच्या काचा थरथरायच्या, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांची खिडकी धाडकन लावून घ्यायच्या. "मग काय करू?" तिने विचारलं होतं. "त्यांना खांद्यावर उचलून उतरवू?" मेकॅनिक ओशाळला. "तसं नाही हो. हायवेला न्या. अर्धा तास सलग पळवा, एक गिअर खाली ठेवून. जळायला लागली की पंखा मोठ्याने फिरतो, जरा उग्र वास येतो, घाबरू नका. फक्त मध्येच थांबवू नका. थांबवलंत की अर्धवट राहतं, मग सगळं पहिल्यापासून. आणि थांबलातच, तर वाळलेल्या गवतावर उभी करू नका, खालची नळी भयंकर तापलेली असते."

कुठेच जायचं नाही आणि तरी अर्धा तास जायचं. तिला हे इतकं मूर्खपणाचं वाटलं होतं की ती परत येताना एकटीच मोठ्याने बोलली, "म्हणजे आता गाडीलाही फिरायला न्यायचं." सकाळी नवऱ्याला उठवायचं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, पाठीला कुठे लाल झालंय का बघायचं, खुर्चीत घ्यायचं, न्हाणीघरात न्यायचं, तिथून आणायचं, मोजे घालायचे. ज्या पायांना थंडी कळत नाही त्यांना मोजे घालायचे, कारण थंडी कळत नसली तरी बाधते. मग दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायचं, हे बरं दिसतंय की हे? आता हे की हे? त्या खोलीतली माणसं तिला आवडायची. हनुवटी पट्टीवर टेकवून, कपाळ समोर दाबून बसली की त्यांना ती दिसायची नाही, फक्त तिचा आवाज ऐकू यायचा, आणि मग ती काहीही सांगायची. मुलगा बोलत नाही. मला दिसतं, तरी मी दिसत नाही असं सांगत होते. एकदा एका गृहस्थाने हनुवटी तशीच ठेवून सांगितलं होतं, मला घरी जायचा कंटाळा येतो. तिने नुसतं भिंग बदललं होतं आणि विचारलं होतं, आणि आता?

रविवारी सकाळी निघताना नवरा म्हणाला, "मीही येतो." "कशाला? तुला बांधा, सोडा, पुन्हा बांधा." "एकटी जाशील? मध्येच बंद पडली तर?" "बंद पडली तर तू ढकलणार आहेस का?" बोलून गेली. जीभ चावायचीही तिला आता सवय राहिली नव्हती. तो हसला. ती हसली नाही. तिने खुर्ची लिफ्टवर घेतली, बटण दाबलं, गाडी गुरगुरली, खिडकी धाडकन लागली. चार पट्ट्या. पुढच्या दोन, मागच्या दोन. चौथी नेहमी अडकायची आणि तिला नेहमी गुडघ्यावर बसून ती ओढावी लागायची, तिचं डोकं त्याच्या मांडीजवळ यायचं, आणि कधी काळी त्या मांडीवर डोकं ठेवून ती पुस्तकं वाचायची हे तिला आठवायचं नाही. म्हणजे आता आठवलं. पण एरवी नाही.

हायवेवर वारा होता. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, मग त्यांच्यामध्ये रिकाम्या जागा, मग नुसत्या रिकाम्या जागा. "चौथ्यातच ठेव," मागून आवाज आला. "ठेवलाय." "त्या ट्रकच्या मागे राहू नकोस, वेग पडेल." "दिसतंय मला." "आरसा बघून." तिने आरसा बघून ट्रक मागे टाकला आणि मनातल्या मनात त्याला म्हणाली, पाय गेले पण गाडी तूच चालवतोयस. थोड्या वेळाने इंजिनाचा सूर बदलला, खालून जळकट, धातू तापल्यासारखा वास आला. "लागली जळायला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं, पूर्वी पुलाचा शेवटचा गाळा बसल्यावर फोनवर असायचं तसलं. तिलाही बरं वाटलं. निदान काहीतरी सांगितल्यासारखं होत होतं. तिने खांदे जरा सैल सोडले. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मी एका ठिकाणी बोललोय."

"कसलं ठिकाण?"

"राहायचं. माझ्यासारख्या लोकांचं. निवासी केंद्र आहे. व्यायाम, पोहायचा तलाव, सगळं तिथेच. एक खोली रिकामी होतेय, एक तारखेपासून. डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले चांगलं आहे. धाकटीशीही बोललो."

धाकटी म्हणजे तिची बहीण. तिची स्वतःची, सख्खी. "तिला माहितेय?" "ती म्हणाली, ताईला मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. म्हणून सांगतोय." रस्ता सरळ होता. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. डॉक्टरांना माहीत. बहिणीला माहीत. त्या केंद्रातल्या कुठल्या तरी बाईला माहीत, तिने वहीत खोलीपुढे नाव लिहिलंही असेल. घरातली उशी, मोजे, औषधांचा डबा, अडकणारी चौथी पट्टी, या सगळ्यांना तिचा हात लागत होता आणि नेमकं तिलाच माहीत नव्हतं. तिने आरशात बघितलं. आरशात त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं आणि वर वाऱ्याने विस्कटलेले केस. डोळे आरशाच्या कडेखाली. आणि मग तिला लख्ख कळलं की त्याने ही वेळ मुद्दाम निवडलीय. हिला थांबता येणार नाही. हिला वळून बघता येणार नाही. अर्धा तास सलग, समोर बघत, हिला ऐकावंच लागेल. तिच्या अंधाऱ्या खोलीत जशी माणसं हनुवटी टेकवून बसतात तशी आज तीच बसली होती, आणि मागून तो शांतपणे विचारत होता, हे बरं की हे?

"तुझं आयुष्य मोकळं होईल," तो म्हणाला. "दुकान पूर्ण वेळ करता येईल. झोप मिळेल. मी सगळा विचार केलाय."

सगळा विचार केलाय. हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं होतं. बदली घेताना, घर बदलताना, ही गाडी घेताना. तो विचार करायचा आणि ती सामान बांधायची. पंखा आता मोठ्याने फिरत होता, वास वाढला होता, मेकॅनिकचा आवाज डोक्यात म्हणत होता, फक्त मध्येच थांबवू नका, अर्धवट राहतं. किती झालं असेल? निम्मं? निम्म्याहून कमी? थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुढचा सगळा रविवार. तिला त्या डबीचा, त्या ठिपक्यांचा, त्या शहाण्या बाणाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एका चिमूटभर काजळीसाठी तिने तोंड दाबून पुढे बघत बसायचं? "खड्ड्यात गेली काजळी," ती म्हणाली. "काय?" तो म्हणाला. ट्रक थांबवायला रस्त्याकडेला केलेली एक रुंद जागा दिसली, तिने इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेतली. "अगं, काय करतेयस? थांबवू नकोस! अर्धवट राहील!" ती आत आली, हळू झाली, आणि जागा बघितली. खाली डांबर आहे ना, गवत नाही ना. इतक्या रागातही आपण हे बघतोय याचा तिला आणखीच राग आला.

मागची दारं उघडली तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून बसलेला. नेहमीसारखाच, तोंड पुढे. तिने आत चढून पट्ट्या सोडल्या, चौथी अडकली, तिने ती अशी ओढली की खुर्ची हलली. "अगं, काय चाललंय?" त्याला उत्तर न देता तिने खुर्ची फिरवली, लिफ्टच्या फळीवर आणली, चाकांना ब्रेक लावले, खाली उडी मारली, आणि पुढे जाऊन आयडल-अप दाबून आली. गाडी गुरगुरली. तिने लिफ्टचं बटण दाबून धरलं. ते दाबून धरावंच लागायचं, बोट काढलं की लिफ्ट जिथल्या तिथे थांबायची. फळी खाली येऊ लागली. निम्म्यावर आली, त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला, आणि तिने बोट काढलं.

तो अधांतरी बसला होता. त्याचे डोळे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होते. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोलताना एक तर वरून बोलायची नाहीतर मोजे घालताना खालून. डोळ्याला डोळा म्हणून नाहीच. त्याच्या भुवईत पांढरे केस आलेत हे तिला दिसलं.

"बोल आता," ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात ओरडावंच लागत होतं.

"आधी ते बंद कर!"

"नाही करणार! बोल!"

"सांगितलं ना मी!"

"माझ्या पाठीमागून सांगितलंस! पाठीमागे बसून! मला न विचारता सगळं ठरवून! पुन्हा!"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

"मग? मला नाही म्हणायची पण परवानगी नाही?"

पलीकडे एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर पायरीवर बसून पेला हातात घेऊन हे सगळं बघत होता. तो उठून उभा राहिला आणि हाताने तोंडाशी कर्णा करून ओरडला, "काही मदत हवीय का?" "नाही!" दोघंही एकदम ओरडली. ड्रायव्हर परत बसला.

"मी ऐकलं," नवरा म्हणाला. आवाज एकदम उतरला होता, म्हणून तिला अर्धं ओठांवरूनच वाचावं लागलं. "काय?" "ऐकलं मी! धाकटीशी बोलत होतीस फोनवर. दुपारी. मी झोपलोय असं वाटलं तुला. म्हणालीस, कंटाळा आलाय गं, याचा इतका कंटाळा आलाय." तिला ती दुपार आठवली. स्वयंपाकघरातला ओटा, ओल्या फडक्याचा वास, कानाला चिकटलेला फोन. ती तसं म्हणाली होती. म्हणाली तेव्हा किती हलकं वाटलं होतं हेही आठवलं. आता तिने काहीतरी म्हणायला हवं होतं, माणसं म्हणतात तसं. तसं नव्हतं रे, तोंडातून निघून गेलं. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आले आणि तिला त्यांचाही वीट आला.

"आलाय," ती ओरडली. "येतो मला कंटाळा! रोज येतो! मोज्यांचा येतो, पट्ट्यांचा येतो, तुझ्या 'मी सांगतच होतो'चा येतो! म्हणून तू जावंस असं मी म्हणाले का? कंटाळा आला म्हणून माणूस टाकून द्यायचा असतो का?"

"तू टाकत नाहीयेस. मी जातोय."

"माझ्यासाठी जाऊ नकोस! माझ्या डोक्यावर उपकार करून जाऊ नकोस! उद्या सगळे म्हणतील, किती समजूतदार माणूस, बायकोला मोकळं केलं. मला नको तुझं मोकळं करणं. स्वतःला जायचं असेल तर जा!"

त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते. बाजूने एक लांबच लांब ट्रेलर गेला आणि त्याच्या वाऱ्याने फळी किंचित हलली. मग तो पुढे झुकला आणि अगदी तिच्या कानाशी येऊन म्हणाला, म्हणजे ओरडायची गरज राहिली नाही, "मला जायचंय."

"काय?"

"मला स्वतःला जायचंय. मलाही तुझा कंटाळा आलाय."

तिला आधी वाटलं, आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "माझा?" "तुझा. तुझ्या चपलांच्या आवाजाचा. मी पाणी मागायच्या आधी तू पाणी घेऊन उभी असतेस, त्याचा. तू सुस्कारा टाकत नाहीस, दाबून ठेवतेस, तो मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी तुझ्या तोंडाकडे बघतो आणि ठरवतो, आज काय मागायचं नाही." तो मागे टेकला. "तिथे पैसे घेऊन काम करणारी माणसं आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. दोन वेळा हाक मारली तर दोन वेळा येतील, वैतागतील, घरी जातील. मला तेवढंच हवंय."

तिला खरं म्हणजे अपमान वाटला. इतकी वर्षं करणारी ती होती. ज्याचं करावं लागतं त्याचा कंटाळा येतो, जो करतो त्याचा कसा येईल? आपणही कुणाला नकोसं होऊ शकतो, आपल्या चपलांचाही आवाज असतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. दमणं, चिडणं, पुरे झालं वाटणं, हे सगळं तिने आपल्या एकटीचं धरलं होतं, तिच्याच मालकीचं, आणि त्या एका गोष्टीवर ती गुपचूप उभी होती. आता तिच्याच घरात, तिच्याच भिंतीपलीकडे, हा माणूसही रोज तितकाच वैतागत होता आणि तोंड मिटून गप्प होता म्हणजे काय? तिला त्याला एक थप्पड मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी तिला सुटल्यासारखंही वाटलं. पायरीवरचा ट्रकवाला आता मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"खाली तरी घे मला," नवरा म्हणाला. "नाहीतर वर. पण असा ठेवू नकोस."

"कुठे आहे ते?"

"काय?"

"ते ठिकाण! कुठे आहे?"

"याच रस्त्याने पुढे. डावीकडे फाटा आहे."

"मग आधी नाही सांगता आलं? थांबलेच नसते मी!"

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता, कारण इंजिनापुढे त्याचा आवाज ऐकूच येत नव्हता. ती हसली नाही. तिने बटण दाबून त्याला वर घेतलं, आत ढकललं, आणि पट्ट्या बांधताना, चौथी ओढताना म्हणाली, "ही पट्टी त्या मेकॅनिकला दाखवायला पाहिजे." "मी सांगतच," त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. "बोल, बोल," ती म्हणाली. "सवय मोडेपर्यंत बोल."

पुढच्या रस्त्यात फारसं कुणी बोललं नाही. एकदा त्याने विचारलं, "चौथ्यात आहे?" ती म्हणाली, "तिसऱ्यात नाही, पाचव्यात नाही, म्हणजे कशात असेल?" बस. पण ते बोलणं आता टोचत नव्हतं, दुकानात गिऱ्हाइकांशी होतं तसं साधं झालं होतं. ती विचार करत होती. संध्याकाळी दुकानातून घरी आल्यावर किल्लीने दार उघडायचं आणि आत कुणी नसायचं. हे चित्र तिने पूर्वी अनेकदा पाहिलं होतं, चोरून, आणि दर वेळी ते पाहताना त्या चित्रात नवरा मेलेला असायचा, कारण दुसरा काही मार्गच तिला सुचला नव्हता. मग ती घाईने ते पुसून टाकायची आणि त्या रात्री त्याच्या पायांना जरा जास्त वेळ तेल लावायची. आता चित्रात तो जिवंत होता. कुठेतरी पोहत होता, कुणावर तरी खेकसत होता. त्या रिकाम्या घरात आपण काय करू हे मात्र तिला दिसेना. चप्पल काढू. मग? डाव्या हाताचा फाटा आला. काट्यांच्या मधला दिवा केव्हा विझला होता कुणास ठाऊक, तिने पाहिलाच नाही. फाट्यावर वळताना तिचं लक्ष गेलं तेव्हा तिथे काळी जागा होती.

केंद्र म्हणजे एक बैठी, लांब इमारत होती, समोर फरशीचं अंगण, पायऱ्यांच्या जागी सगळीकडे उतार. क्लोरीनचा वास येत होता. एक म्हातारे गृहस्थ वॉकर पुढे ठेवून माळ्याशी तावातावाने भांडत होते, रोपाला पाणी जास्त झालं की कमी, यावर. तिने लिफ्ट खाली घेतली तसा तो ब्रेक सोडून निघालाही. "थांब, मी येते," ती सवयीने म्हणाली आणि खुर्चीच्या मुठी धरायला हात पुढे केले, पण तो उतारावरून स्वतःच वर चालला होता, खांद्यांनी जोर लावत, जरा तिरका जात, पुन्हा सरळ होत. घरात उंबरे होते, गालिचा होता, वळायला जागा नव्हती. तो एवढं चालवू शकतो हे तिने पाहिलं नव्हतं. ती गाडी बंद करून त्याच्या मागे गेली, आणि हातांचं काय करायचं हे न कळून तिने ते पदराखाली घेतले.

तिथली व्यवस्था बघणारी बाई बोलकी होती. रविवार असूनही तिने तलाव दाखवला, जेवणघर दाखवलं, आणि मग म्हणाली, "खोली बघायचीय ना? तुमच्या मिस्टरांनी फोनवर खिडकी कुठल्या दिशेला आहे ते तीनदा विचारलं." खोली लहान होती. खिडकीतून मागची मोकळी जमीन आणि तिच्यापलीकडे हायवेची एक रेघ दिसत होती. कपाटाचे कप्पे सगळे खाली होते, बसल्या माणसाच्या हाताशी. तो आत गेला आणि त्याने एक खण उघडला, बंद केला. दुसरा उघडला, बंद केला. दिव्याचं बटण दाबलं. नळ सोडला. कुणाकडेही काहीही न मागता तो त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावत फिरला, आणि ती दारातच उभी राहून बघत राहिली. बाई फोन आला म्हणून बाहेर गेली.

"पडदा बदलावा लागेल," ती म्हणाली.

"पडदा ठीक आहे."

"हा रंग?"

"मला चालतो."

मग तिचं लक्ष कॉटकडे गेलं. एकच कॉट होती. एकच असणार, हे उघड होतं, दुसरी कशाला असेल? पण ते तिच्या डोळ्यांना दिसेपर्यंत तिला कळलं नव्हतं. ती चालत कॉटपाशी गेली आणि बसली. गादी जरा दबली, मग घट्ट झाली. तिने हाताने दाबून पाहिली, कडेला, मध्ये, पाठ येते तिथे. सकाळपासून ती पहिल्यांदाच गाडीबाहेर बसली होती. तिच्या पोटऱ्या दुखत होत्या.

"गादी बरी आहे," ती म्हणाली.

"उठ," तो म्हणाला. "माझी आहे ती."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीपाशी होता, मागून उजेड येत होता, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो गंमत करत नव्हता. किंवा करत असेल. त्याच्या बाबतीत ते कधीच नीट कळलं नव्हतं.

"अजून नाही," ती म्हणाली. "एक तारीख अजून यायचीय." आणि चप्पल काढून, पाय वर घेऊन, ती भिंतीला टेकून बसली.